निरवानिरवीचा काळ



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'मरण' असा सांगितला. त्यांनी तो बदलून मागितला नाही, याबद्दल त्यांचे आभार. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या गुरुजींच्या अखेरच्या दिवसांत घरच्यांनी काय केलं, हे इथल्या पुष्कळ लोकांना माहीत आहे. गुरुजींना सगळं सांगितलं गेलं होतं, आणि विद्यार्थी येऊन निरोप घेऊन जात होते. त्यामुळे त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर हा विषय परका वाटू नये.

मरणाची नोंद आपण एका वेळेने करतो. डॉक्टरांच्या दाखल्यावर तास आणि मिनिट असतं, पंचांगात तिथी असते. हृदय अचानक थांबलं किंवा अपघात झाला, तर ते खरंही असतं. पण कर्करोग, निकामी होत गेलेलं मूत्रपिंड, फुप्फुसाचे जुने आजार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि नुसतं म्हातारपण यांतलं मरण काही आठवडे, काही महिने चालू असतं. तो आयुष्याचाच एक टप्पा असतो. बालपण किंवा गृहस्थाश्रम यांना जशी आपापली कामं असतात, तशी या टप्प्यालाही असतात. मला आज एवढंच सांगायचं आहे की हा टप्पा ज्याचा असतो, त्याच्याकडून आपण तो काढून घेऊ लागलो आहोत. आणि त्याला काही न सांगणं, हा तो काढून घेण्याचा आपला मार्ग आहे.

घरोघरी जाऊन असाध्य आजारांच्या रुग्णांची वेदना आणि त्रास कमी करणं हे माझं काम. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात ते. या कामात पहिलं बोलणं जवळजवळ कधीच रुग्णाशी होत नाही. ते होतं फाटकापाशी, जिन्यात, नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यात. मुलगा किंवा जावई पुढे येतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "त्यांना काही माहीत नाही. साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय. तुम्ही कॅन्सरचं नाव काढू नका, हाय खातील." फाईल लपवलेली असते. औषधाच्या बाटलीवरचं नाव खरवडलेलं असतं. मोठ्या रुग्णालयात नेलं तर पाटीवर 'कर्करोग' लिहिलेलं दिसू नये म्हणून मागच्या दाराने आत नेलेलं असतं.

या सगळ्यामागे प्रेम असतं, याबद्दल मला कधी शंका आली नाही. आपल्याकडे आजार एकट्याचा नसतोच, तो घराचा असतो. त्यामुळे त्याची बातमीही घराची, आणि घरातले कर्ते ठरवतील तशी ती वाटली जाते. पण या वाटपात ज्याचा आजार, त्याच्याच वाट्याला काही येत नाही. एरवी घरातल्या बैलाची किंमतही ज्यांच्या संमतीवाचून ठरली नाही, त्यांच्या शेवटच्या तीन महिन्यांचा निर्णय व्हरांड्यात होतो.

आणि तो माणूस अजाण असतो का? आपलं शरीर त्याने साठ-सत्तर वर्षं वापरलेलं असतं. कंबरेचा करगोटा सैल होतो, भेटायला येणारे लांबून येऊ लागतात, कधी न येणारी बहीण चार दिवस राहून जाते, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत, सून अचानक सगळं आवडीचं करून घालू लागते. माणसाला कळतं. मग तोही घरच्यांसाठी काही माहीत नसल्याचं सोंग आणतो. एकाच खोलीत दोन्ही बाजू एकमेकांना जपत गप्प राहतात, आणि बोलायचे दिवस निघून जातात.

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही. अन्ननलिकेचा कर्करोग होता, वैशाख सरत आला होता. मुलगा चहाचं सांगायला आत गेला आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "बाई, औंदाची पेरणी बघीन का मी?" मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "न्हाई वाटत." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतं, आबा." ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. रडले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं बोललात. माझ्या भावाला बोलवायला सांगा पोराला."

भावाशी बांधावरून बोलणं बंद होतं. भाऊ आला. बांध कुठून धरायचा ते दोघांनी खाटेवर बसून ठरवलं. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिलं होतं, त्याचं काय करायचं ते सांगून झालं. सोसायटीचं कर्ज किती, कोणाकडून उसने घेतलेले पैसे अजून द्यायचे आहेत, विहिरीच्या मोटारीची जोडणी कोणाच्या नावावर आहे, हे सगळं मुलाला पहिल्यांदाच कळलं. एका संध्याकाळी चौघांनी खाट उचलून त्यांना शेताच्या कडेला नेऊन ठेवलं. मृगाच्या आधी ते गेले. मुलगा नंतर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून राग आला होता. पण त्या बारा-पंधरा दिवसांत मला आबा कळले."

ही निरवानिरव आहे. आपल्या जुन्या माणसांना ती येत होती. देव्हाऱ्यात गंगेचा सीलबंद गडू असे, तो कशासाठी आहे हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. कितीतरी आज्यांनी स्वतःच्या तिरडीवर घालायची साडी ट्रंकेत वेगळी काढून ठेवली होती आणि कोणतं वळं कोणत्या नातीला हे सांगून टाकलं होतं. त्यात कोणाला अशुभ वाटत नव्हतं. आज सत्तरीच्या बाईने असं काही बोलायला सुरुवात केली की मुलं म्हणतात, "आई, असलं काही बोलू नकोस." आणि आई गप्प बसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळ्यांना सगळं सांगायचंच, असा माझा आग्रह नाही. पाश्चात्त्य रुग्णालयांत कधी कधी होतं तसं टेबलापलीकडून आकडे वाचून दाखवणं मला मान्य नाही. काही माणसं स्पष्ट म्हणतात, "मला नका सांगू, माझ्या लेकाशी बोला." तो त्यांचा अधिकार आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण तसं त्यांना विचारायला तर हवं. "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?" हा एक प्रश्न पुरतो. हा प्रश्न विचारल्यामुळे कोणी हाय खाऊन गेलेलं मी पाहिलेलं नाही. वेदनेने, एकटेपणाने आणि घरात काय चाललंय ते न कळण्याने खचलेली माणसं मात्र पुष्कळ पाहिली.

आता थोडं शरीराबद्दल बोलते, कारण भीतीचा मोठा भाग अज्ञानातून येतो. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या बहुतेक माणसांनी चार-पाच मरणं घरात, जवळून पाहिलेली असत. आजच्या चाळिशीच्या माणसाने एकही पाहिलेलं नसतं. रुग्णालयातून फोन येतो आणि मग पांढऱ्या कापडातला देह दिसतो. मधलं काहीच दिसत नाही.

मधे काय होतं? आजाराने जाणाऱ्या माणसाची भूक आधी जाते. घरातलं मोठं भांडण इथे सुरू होतं. आपल्याकडे माया घासातून व्यक्त होते, त्यामुळे "दोन घास खा ना" हा आग्रह थांबतच नाही. पण शरीर मिटत येत असतं, त्याला आता अन्न पचवायचं नसतं. जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईन लावलं की ताकद येईल, अशी समजूत गावोगावी आहे. शेवटच्या दिवसांत ते पाणी शरीराला वापरता येत नाही. ते पायांवर सुजेच्या रूपाने आणि छातीत कफाच्या रूपाने साठतं. त्या माणसाला उपाशी मारतोय, असं मनात आणू नका. तो न जेवल्यामुळे मरत नसतो, मरणाच्या वाटेवर असल्यामुळे जेवत नसतो. त्या वेळी करायचं ते वेगळं. ओला कापूस ओठांवरून फिरवायचा, ओठांना तूप लावायचं, चमचाभर पाणी किंवा बर्फाचा लहानसा खडा जिभेवर ठेवायचा. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजळाचे दोन थेंब घालणाऱ्यांना कोरड्या तोंडाची ही गरज अनुभवाने कळली असावी, असं मला वाटतं.

मग झोप वाढते. दिवसरात्रीचा हिशेब राहत नाही. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट डाग दिसू लागतात. श्वास खोल होतो, मग उथळ, मग काही क्षण थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. जुनी माणसं याला ऊर्ध्व लागला म्हणत. घशात घरघर सुरू होते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, पण त्या वेळी माणूस बहुधा शुद्धीवर नसतो आणि त्याला त्या आवाजाचा त्रास होत असल्याची चिन्हं दिसत नाहीत. गिळण्याची ताकद गेल्यामुळे घशात साठलेल्या लाळेतून हवा ये-जा करते, एवढंच. कुशीवर वळवलं तर आवाज कमी होतो. हे आधी सांगून ठेवलेलं असेल तर घरचे शांत राहतात. नाहीतर पहाटे तीन वाजता रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि ज्याला घरात जायचं होतं तो माणूस अतिदक्षता विभागात, तोंडात नळी आणि हात बांधलेल्या अवस्थेत जातो.

ऐकू येणं शेवटपर्यंत राहतं, असं आपल्याकडे मानतात. म्हणून कानाशी नाम घेतात. 2020 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथल्या संशोधकांनी, हाकेला ओ देईनाशा झालेल्या काही मरणासन्न रुग्णांच्या मेंदूची विद्युतस्पंदनं तपासली. आवाज बदलले की त्या मेंदूंत प्रतिसाद उमटत होता. त्या माणसाला अर्थ कळत होता की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण जवळ बसून बोलत राहायला एवढा आधार पुरे आहे. त्याच्या उशाशी बसून जमिनीच्या भावाची चर्चा करू नये, यालाही.

आणखी एक. जाण्याच्या काही दिवस आधी म्हातारी माणसं म्हणतात, "दारात तुझे आजोबा उभे आहेत," किंवा "आई न्यायला आली होती." घरचे घाबरतात, डॉक्टर कधी कधी त्याला भ्रम म्हणून औषध देतात. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या सेवाकेंद्रात, डॉ. ख्रिस्तोफर कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना रोज या स्वप्नांबद्दल विचारलं. त्यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक रुग्णांना अशी स्वप्नं पडत होती, आणि गेलेली माणसं दिसली की त्यांना सर्वांत जास्त दिलासा मिळत होता. ती माणसं खरंच येतात का, या प्रश्नाच्या उत्तरावर आपलं वागणं अवलंबून ठेवायची गरज नाही. आजीला विचारावं, "काय म्हणत होते आजोबा?" आणि ऐकावं.

हे सगळं बोलणं वेदना आटोक्यात असेल तरच शक्य आहे. विव्हळणाऱ्या माणसाला निरवानिरव सुचत नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचं मुख्य औषध मॉर्फिन. ते अफूपासून निघतं, आणि भारत हा कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे. मध्य प्रदेशात नीमच आणि उत्तर प्रदेशात गाझीपूर इथे सरकारी अफू कारखाने आहेत. आपली अफू परदेशांतल्या रुग्णांची वेदना शमवत होती, त्या काळात इथले रुग्ण तळमळत होते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी साखळी तयार झाली की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला मॉर्फिन ठेवणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं आहे. तरी आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांत ते आजही मिळत नाही. आता अडचण कायद्यापेक्षा भीतीची आहे. "सवय लागेल", "याने लवकर जातील" असं डॉक्टरही म्हणतात. वेदनेच्या मापाने, ठरल्या वेळी, तोंडाने दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. त्याने बद्धकोष्ठता होते, तिचं औषध पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. वेदनेत तळमळणाऱ्या माणसाला सवयीच्या भीतीने हे औषध नाकारणं क्रौर्य आहे.

वेदना शरीराचीच असते असंही नाही. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांचं डॉक्टर ऐकत नाहीत म्हणून स्वतः डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. देह, मन, नाती आणि श्रद्धा या सगळ्यांची मिळून एक वेदना असते, ही त्यांची मांडणी. त्यांच्या वाटेने 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात लोटली इथे त्याची शाखा झाली. 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र सुरू झालं. या मोठ्या कामांबद्दल मला आदर आहे. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसाला वांद्रे आणि वारजे सारखेच दूर आहेत.

मरणाला आयुष्याचा टप्पा मानणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना नाही. सोळा संस्कारांत शेवटचा अंत्येष्टी, म्हणजे तोही बारशासारखा आणि मुंजीसारखा संस्कारच. महाराष्ट्रात संतांच्या जन्मतिथींपेक्षा त्यांच्या निर्याणाच्या तिथी मोठ्या. कार्तिकात आळंदीला ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा, फाल्गुनात देहूला तुकाराम बीज आणि चारच दिवसांनी पैठणला नाथषष्ठी. ज्ञानेश्वरांच्या समाधीला सात शतकं उलटून गेली, तरी लाखो माणसं तो निरोप दरवर्षी नव्याने देतात.

अलीकडच्या काळातही विचारपूर्वक मरण स्वीकारल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. सावरकरांनी 1966 च्या फेब्रुवारीत अन्न आणि औषध थांबवलं. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनारला औषध, अन्न आणि पाणी घ्यायचं नाकारलं आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. या तिघांचे विचार एकमेकांपासून किती लांब होते, ते मी सांगायला नको. पण आपलं काम झालं आहे हे त्यांना स्वतःला ठरवता आलं आणि भोवतालच्यांनी ते मानलं, हे तिघांच्या बाबतीत समान आहे. मी अन्नत्यागाचा पुरस्कार करत नाही. वृद्धांना ओझं मानणाऱ्या घरात अशा कल्पनेचा दुरुपयोग होऊ शकतो, याची मला जाणीव आहे. संथाऱ्यावर, म्हणजे सल्लेखनेवर, राजस्थान उच्च न्यायालयाने 2015 च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, त्यामागेही हीच ओढाताण आहे. सामान्य माणसाला एवढं मोठं काही नकोच असतं. "मला आता दवाखान्यात नेऊ नका" एवढंच म्हणायचं असतं, आणि ते ऐकलं जावं अशी इच्छा असते.

ते ऐकलं जावं यासाठी आज कायद्याचा आधार आहे, आणि त्या कायद्याचा उगम मुंबईच्या एका वॉर्डात आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी अमानुष हल्ला झाला. 18 मे 2015 ला त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या अंथरुणावर होत्या, आणि केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलत राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी, त्यांना मरू द्यावं यासाठी, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने त्यांच्यापुरती परवानगी नाकारली, पण निरर्थक झालेले उपचार थांबवण्याचं तत्त्व मान्य केलं. परिचारिकांनी या अर्जाला विरोध केला होता. मला त्या निकालाइतक्याच त्या परिचारिका महत्त्वाच्या वाटतात. उपचार थांबवण्याचा अधिकार आणि शेवटपर्यंत सांभाळण्याचं कर्तव्य या दोन्ही गोष्टी त्या एका खाटेभोवती उभ्या होत्या, आणि आपल्याला दोन्हींची गरज आहे.

9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की ती कोणाला वापरता येईना. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी झाली. आता अठरा वर्षांवरचा कोणीही शुद्धीवरचा माणूस दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने असं पत्र करू शकतो. आजार बरा होण्याची आशा नसेल आणि मला स्वतःला सांगता येत नसेल, तर कृत्रिम श्वसनयंत्र, नळीने अन्न किंवा डायलिसिस नको, असं त्यात लिहिता येतं. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं घालता येतात. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातलं डॉक्टरांचं एक मंडळ आणि नंतर दुसरं मंडळ मत देतं. कोणी इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे, आणि त्याचा या पत्राशी काही संबंध नाही.

पत्र नसलं तरी घरात बोलणं झालेलं असलं, तर पुष्कळ निभावतं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी "सगळं करा डॉक्टर, पैशाकडे बघू नका" असं म्हणणाऱ्या मुलाला बहुधा वडिलांची इच्छा माहीत नसते. न केल्याचा दोष आपल्यावर येईल, नातेवाईक नावं ठेवतील, ही भीती असते. त्या भीतीपायी शेतं विकली गेली आहेत. वडील एकदा चार माणसांसमोर स्पष्ट बोललेले असले, तर हा भार मुलावरून उतरतो.

मागे राहणाऱ्यांचंही आयुष्य याच वेळी बदलत असतं. आपल्या दिवसांच्या विधीत गेलेला आणि मागे राहिलेले, दोघांचीही वाट आखलेली आहे. दहा दिवसांचे पिंड, बाराव्याला सपिंडीकरण होऊन प्रेताचा पितर होणं, आणि इकडे सुतक, दहाव्याला क्षौर, तेराव्याला गोड घास. फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये दाखवून दिलं की जगभरचे संक्रमणाचे विधी तीन पायऱ्यांनी जातात: वेगळं होणं, मधे राहणं आणि पुन्हा सामील होणं. आपले तेरा दिवस तसेच आहेत. श्रद्धा असो वा नसो, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून देण्याचे ते दिवस शोकाला जागा देतात. 2020 आणि 2021 मध्ये कोविडने ते दिवस हिरावले. ज्यांना शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, अशी माणसं आजही त्या तारखेला आमच्याकडे येऊन बसतात.

पण त्याच विधींत आपण विधवेवर जो अन्याय केला, तोही इथे बोललाच पाहिजे. नवरा गेल्याच्या धक्क्यात असलेल्या बाईच्या बांगड्या चारचौघांत फोडायच्या, कुंकू पुसायचं, आणि पुढे आयुष्यभर तिला शुभकार्यातून बाजूला ठेवायचं. पुन्हा सामील करून घेण्याची पायरी तिच्यासाठी ठेवलीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. मरणाबद्दलचा आपला व्यवहार ग्रामसभेत बसून बदलता येतो, हे हेरवाडने करून दाखवलं.

म्हणून मी शेवटी केरळचं उदाहरण देते. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या साथीदारांनी छोटं काम सुरू केलं. डॉक्टर पुरणार नाहीत हे त्यांना लवकर कळलं. त्यांनी शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, निवृत्त माणसं यांना शिकवलं. जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, आणि मुख्य म्हणजे बसून ऐकायचं कसं. 2008 मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं. आज तिथल्या पंचायती आपल्या निधीतून परिचारिका घरोघरी पाठवतात. मृत्यूच्या मूल्याविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2022 च्या अहवालात जगापुढे ठेवलेला नमुना याच राज्याचा आहे.

महाराष्ट्राला हे का जमू नये? आपल्याकडे भजनी मंडळं आहेत, महिला बचत गट आहेत, आशाताई आहेत. गावात कोणी गेलं की लाकडं आणि तिरडी न सांगता जमवणारी माणसं प्रत्येक आळीत आहेत. तीच माणसं महिनाभर आधी त्या घरात जाऊ लागली, तर निम्मं काम झालं. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात एका परिचारिकेच्या घरभेटींचा खर्च मागा. आपल्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची खोली आहे का आणि तिथे मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का, हे लेखी विचारा. नसतील तर पुन्हा विचारा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी या आठवड्यात एकदा बोला. त्यांना काय हवं, काय नको, ते त्यांच्या तोंडून ऐका.

ज्यांच्या घरी आज कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांनी आभारप्रदर्शनानंतर थोडं थांबावं. कागद, औषधांची यादी, जे असेल ते दाखवा. मी आणि माझ्यासोबत आलेल्या दोन परिचारिका इथेच बसणार आहोत.